मुका मार

गच्चीवर शेजारच्या सुमनताई ओली चादर पिळत होत्या. त्यांची दोन्ही मनगटं किती सहज वळत होती! बघता बघता माझा जीव हेव्याने जळायला लागला.

मी घसरून पडले तेव्हा डॉक्टर एक्स-रे पाहून म्हणाले होते, "मुका मार आहे, शेकत राहा." मोडलेलं हाड त्यांना दिसलंच नाही आणि ते वाकडंच जुळलं. पुढे ग्राहक मंचात मी जिंकले. लोक म्हणाले, न्याय मिळाला. मिळालाही असेल; मनगट मात्र अजून वळत नाही.

"वहिनी, तुमची चादरही द्या, पिळून देते," सुमनताई म्हणाल्या.

"नको," मी इतकं तोडून बोलले की त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. त्या डॉक्टरांचा कधी आला नव्हता इतका राग मला त्या भल्या बाईचा आला होता.