पहिला शब्द कोणाचा

मी अडखळते. लिहिताना नाही, बोलताना. म्हणून हे लिहून काढते आहे. सांगायला बसले असते तर तुम्ही कंटाळून केव्हाच उठून गेला असता, आणि त्यात तुमचा काही दोषही नसता.

घर आमचं कोहमाऱ्याचं, हायवेच्या फाट्यापासून थोडं आत. घरात हिंदी, दारात आणि शाळेत मराठी, पुढे मदरशात गेले तर तिथे उर्दू आणि किताबांत अरबी. इतक्या भाषा पदरात पडल्या, पण माझी जीभ मोठी न्यायी. एकीलाही झुकतं माप दिलं नाही, चारही ठिकाणी सारखीच अडली. त्यातल्या त्यात 'ह' माझा जन्माचा वैरी. तोंड उघडायचं, श्वास यायचा, आणि गळ्यात बोळा कोंबल्यासारखं सगळं बंद. शेजारची पोवारांची म्हातारी मधात वेखंड उगाळून मला चाटवायची आणि आईला धीर द्यायची, की जड आहे पोरीची जीभ, होईल मोकळी. आणि अब्बा बाजारोबाजारी कपडे विकणारे, आज केशोरी, उद्या चिचगड. आवाज असा की बाजाराच्या त्या टोकाची बाई वळून पाहील. त्यांच्या पोटी मी अशी. लोक हसायचे. मीही हसायची, रडून कोणाचं भलं झालंय?

कुराण पढताना मात्र मी अडत नव्हते. लयीत म्हणायचं असलं की जीभ आपोआप सुटायची. ते पाहूनच अब्बांनी दहावीनंतर मला गोंदियाला मुलींच्या मदरशात घातलं, आलिमाच्या, म्हणजे धर्माचं शिक्षण घेतलेल्या बाईच्या, कोर्सला. आमच्या भागातल्या बायांना धर्मातलं काही विचारायचं तर विचारायला बाई नव्हती. बाईने बाईलाच विचाराव्यात अशा गोष्टी असतात, त्या मौलवीसाहेबांसमोर कोण काढणार? माझी पोरगी सनद घेऊन येईल आणि बायांना शिकवील, असं अब्बा कपड्यांसोबत प्रत्येक बाजारात सांगत फिरले. शिकवायचं म्हणजे बोलायचं, एवढी साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात कशी येत नव्हती कोण जाणे.

सुरुवातीची वर्षं निभावली. अरबीचं व्याकरण, फिक्ह म्हणजे धर्माचा कायदा, तफसीर म्हणजे कुराणाच्या अर्थाचा उलगडा. शिकवायला बायाच होत्या, त्यांना आम्ही आपा म्हणायचो. परीक्षा लेखी, आणि कागदाला जीभ लागत नाही. मी पहिली यायची. मग वरच्या वर्गात हदीस आली, आणि माझी पंचाईत झाली.

हदीस म्हणजे पैगंबरांचं बोलणं आणि वागणं, पण ते नुसतं पाठ करायचं नसतं. ते आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आलं ते आधी बघायचं. याने त्याच्याकडून ऐकलं, त्याने आणखी कोणाकडून, अशी माणसांची साखळी असते. तिला सनद म्हणतात, आणि शिकून झाल्यावर आपल्याला जे मिळतं त्यालाही सनदच म्हणतात, कारण त्या साखळीच्या शेवटी आपलं नाव लागतं. हे सगळं वाचायचंही मोठ्याने. उस्ताद ऐकतात, शागीर्द वाचतो. त्या मजकुराला इबारत म्हणतात, आणि तिला कुराणासारखी लय नसते. आणि जवळजवळ प्रत्येक हदीस एकाच शब्दाने सुरू होते: हद्दसना, म्हणजे 'आम्हाला सांगितलं'. पहिलंच अक्षर 'ह'. जगात इतकी अक्षरं पडली होती.

हदीस शिकवायला बुजुर्ग मौलाना यायचे, तेव्हा हॉलमध्ये मधोमध जाड हिरवा पडदा ओढलेला असायचा. अलीकडे आम्ही आमच्या तिपायांवर किताबा उघडून बसलेल्या, पलीकडे ते. त्यांना आम्ही दिसायचो नाही, आम्हाला ते. आवाज तेवढा इकडून तिकडे. रोजची इबारत वर्गातून एकीने वाचली की झालं, आणि आमच्या वर्गात ती एक ठरलेली होती, माझी सोबतीण. चिचगडकडची, गळा खणखणीत, पट्टीची वाचणारी. बाकी मुली मदरशात आल्या की उर्दू झाडायला लागायच्या. ही बाई आमच्याशी शेवटपर्यंत गावचंच बोलली. ती वाचायची, आम्ही बोट ठेवून ऐकायचो. तिच्या आवाजाच्या सावलीत मी अख्खं वर्ष काढलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण शेवटच्या वर्षात जायचं तर शाबान महिन्यात, रमजानच्या सुट्टीआधी, तोंडी परीक्षा द्यावी लागायची. बाहेरगावचे परीक्षक पडद्यापलीकडे बसणार, आणि प्रत्येकीने स्वतः इबारत वाचायची. वाचता आली नाही तर शेवटचं वर्ष नाही. शेवटचं वर्ष नाही तर सनद नाही, आणि बाजारोबाजारी झालेली अब्बांची सगळी वाणी पाण्यात. मी मोठ्या आपांकडे गेले. माझं लेखी घ्या म्हणाले, म्हणजे म्हणायला बराच वेळ लागला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. हे इल्म, हे ज्ञान, तोंडातून कानात असंच इथवर आलंय, तू उद्या कोणाला वाचून दाखवणार नसशील तर साखळीत तुझं नाव कशासाठी लावायचं, असं त्यांचं म्हणणं. रागाने बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. बरोबर बोलत होत्या म्हणून जास्त भीती वाटली.

त्या दिवसापासून घास गिळेना. नमाजाआधी हातपाय धुताना, वजू करताना, मी नळाच्या आवाजात हद्दसना म्हणून बघायची. कधी निघायचं, कधी नाही. निघालं तरी आनंद व्हायचा नाही, कारण परीक्षेत नळ सोबत नेता येणार नव्हता. जिभेची गाठ सुटायची दुआ तर इतकी मागितली की ती दुआच तेवढी न अडता म्हणता यायला लागली. मी किताब घेऊन बसले की तळव्यांना घाम फुटायचा आणि पानाला डाग पडायचे.

सोबतीण हे सगळं बघून राहिली होती. एक दिवस कपडे वाळत घालताना तिने मला दोरीच्या टोकाला ओढलं.

"काऊन मरून राहिली इतकी?" ती म्हणाली. "तुया नंबरले मी वाचतो. त्यायले काय दिसते पलीकडून?"

इतकं सोपं होतं. हॉलमध्ये चौघी-चौघींनी जायचं, परीक्षक नंबर पुकारणार, आवाज ऐकणार आणि गुण देणार. लक्ष ठेवायला असलेल्या आपा बाहेर व्हरांड्यात पुढच्या मुलींना बसवत असायच्या. ती स्वतःच्या नंबरला जरा आवाज बदलून वाचणार होती. उरलेल्या दोघी आमच्याच खोलीतल्या, त्यांनी कुराणाची नको म्हणून साधीच शपथ घेतली, कोणाला न सांगायची. मी हो म्हणाले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी पोटभर जेवले.

दुसऱ्याच दिवशी ते जेवण अंगाशी आलं. आमचा एक पेपर होता रावींचा, म्हणजे त्या साखळीतल्या माणसांचा. कोण सच्चा, कोणाची आठवण कच्ची, कोण खोटा. अभ्यास करताना मला एकेकाचं नाव दिसू लागलं. कोणी एक माणूस, कुठल्या गावचा, काय धंदा करायचा काही माहीत नाही, लेकरंबाळं होती की नाही माहीत नाही. एवढंच लिहिलेलं, की हा खोटं बोलला, याचं घेऊ नये. हजारावर वर्षं झाली, तो मेला, त्याचं गाव मेलं, आणि शिक्का आहे तसाच. मी किताब बंद केली. आतापर्यंत जिभेची भीती होती, आता ही दुसरी आली. आगीतून फुफाट्यात. सोबतिणीला सांगितलं तर ती म्हणाली, तू कायले एवढी मोठी होऊन राहिली, तुले कोण लिहिते किताबात. तेही खरंच होतं. बेत तसाच राहिला.

परीक्षेच्या सकाळी थंडी होती तरी माझी ओढणी मानेशी ओली झाली होती. बाजूच्या राईस मिलचा घरघर आवाज हॉलमध्ये येत होता. आम्ही चौघी बसलो. बिस्मिल्ला सगळ्यांनी मिळून झालं. पलीकडून खोकल्याचा आवाज आला, कागद हलला, आणि पहिलाच नंबर माझा पुकारला गेला.

"हाजिर," सोबतीण म्हणाली.

माझा नंबर आणि तिचा आवाज. मला वाटलं होतं हायसं वाटेल. उलट मी पुढचं सगळं मोजायला लागले. आता तो माणूस ऐकणार, विश्वास ठेवणार, लिहिणार. मग मी सनद घेऊन कोहमाऱ्याला जाणार, बायांना शिकवणार, त्या आपल्या पोरींना सांगणार, आणि ते सगळं ह्या एका 'हाजिर'वर उभं राहणार. सोबतिणीने श्वास घेतला आणि वाचलं, "हद्दसना—"

मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

तिचे डोळे एवढे मोठे झाले. बाकीच्या दोघी भिंतीसारख्या थिजल्या. ती माझा हात ओढून काढायला बघत होती आणि मी दाबून धरत होते. पडद्यापलीकडून परीक्षकांचा आवाज आला.

"रुक क्यों गईं? पढ़िए."

मी तोंड उघडलं. श्वास आला आणि थांबला. 'ह' निघेना. मी पुन्हा श्वास घेतला. गळ्यात दुखायला लागलं, कानशिलं तापली, डोळ्यांतून पाणी आलं आणि 'ह' काही निघेना. त्यांना वाटत असेल पोरगी झोपली, की पळाली, की काहीच येत नाही हिला. उठून जावं, ट्रंक उचलावी, बस धरावी, असं सगळं मनात येऊन गेलं. मग ते निघालं. फुटक्या, घासलेल्या आवाजात निघालं, पण निघालं. त्याच्यापुढचं नाव, त्याच्यापुढचं नाव, मग पुन्हा तोच शब्द, पुन्हा तीच खिंड. एका ओळीला जेवढा वेळ लागला तेवढ्यात सोबतिणीने पान संपवलं असतं. ते मधे एकदाही बोलले नाहीत. ओळ संपली तेव्हा कुठे त्यांनी विचारलं.

"पहला लफ्ज़ किसका था?"

खरं सांगावं तर ती जाणार, मदरशातून नाव काढतील तिचं, तेही माझ्यासाठी केलेल्या कामापायी. खोटं सांगावं तर मी एवढी ओळ कशासाठी ओढत आणली? मी सांगायला तोंड उघडलं, अशा बुजुर्गांना म्हणतात तसं आधी 'हजरत' म्हणायला गेले, आणि अर्थात तिथेच अडकले.

"मेरा था, हजरत," सोबतीण म्हणाली. असा बारीक आवाज तिचा मी कधी ऐकला नव्हता.

"और उसके बाद का?"

"म... मेरा," मी म्हणाले.

मग ते म्हणाले की पहिल्या शब्दाची जी कोणी आहे तिने बाहेर जाऊन बसावं, आणि दुसरीने पुढे वाचावं, घाई नाही. सोबतीण उठली. माझ्याकडे न बघता गेली. मी पान पूर्ण केलं. कसं केलं ते विचारू नका. शेवटी त्यांनी रावींबद्दल दोन-चार प्रश्न विचारले, मी अडत अडत उत्तरं दिली, आणि ते 'ठीक है' म्हणाले. त्या 'ठीक है'मधून पास की नापास काही कळेना. मला जायला सांगितलं तरी मी उठले नाही. तिचं काय होणार, हे मी विचारलं. ते वाक्य त्यांनी पूर्ण होऊ दिलं.

"उनसे कहिए, सबसे आख़िर में आएँ," ते म्हणाले. "अपने नंबर पर, अपनी आवाज़ में."

बाहेर सोबतीण खांबाला टेकून बसली होती, ओढणीचं टोक दातांत. मी निरोप सांगितला. तिला वाटलं आत बोलावून सगळ्यांदेखत नाव काढणार. मोठ्या आपा व्हरांड्यात आल्या की ती दचकायची. सगळ्या मुली होऊन गेल्या, मग ती आत गेली. दाराला कान लावून मी उभी. तिने हद्दसना म्हटलं आणि थांबली. पुन्हा म्हटलं आणि पुढचं नाव चुकली. ज्या पानाची इबारत ती डोळे मिटून वाचायची, त्याच पानावर ती ठेचाळत होती, आणि पलीकडचे हजरत जसे माझ्यासाठी थांबले तसेच तिच्यासाठीही थांबत होते.

आम्ही दोघीही पास झालो, पण ते ईदनंतर कळलं. त्या दुपारी काहीच माहीत नव्हतं. ती बाहेर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर मी खाल्ल्याही असत्या. ती माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसली.

"समजलं वो आज," ती म्हणाली. "तुले रोज कसं होते ते."