गव्हाचा नेम

आमचे घराणे बंगळुरात स्थिरावून अनेक पिढ्या लोटल्या होत्या. घरच्या मराठीत कानडी शब्द मुरले होते, ताटात मात्र पोळी हवीच. शेजारचे लोक रागीचे मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचे गोळे, खातात आणि आपण पोळी खातो, एवढ्यावर आई आमचे मराठीपण सिद्ध करी. म्हणून थोरली बहीण, आमची अक्का, फिकट पडू लागली तेव्हा आईने उपायही गव्हातच शोधला: तूप लावलेली पोळी, सांजा, खपली गव्हाची खीर.

साठचे दशक नुकतेच सुरू झाले होते. अक्का मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवीत असे. मी दुसऱ्या शाळेत विज्ञान. तिची नेमणूक कायम होण्यासाठी प्रकृतीचा दाखला लागत होता. रक्त फारच कमी आहे, म्हणून तपासणाऱ्या डॉक्टरांनी तो वर्षभर पुढे ढकलला. पुढच्या तपासणीतही तसेच आढळले, तर नोकरी जाणार होती. जंतांचे औषध झाले. लोहाच्या औषधाने जीभ काळी पडली, पण नखे पांढरीच राहिली.

"एवढं लोखंड खातेस, अक्का, गालांवर निदान गंजाचा तरी रंग येऊ दे!"

"गंज चढायला ते अंगात टिकायला हवं, मास्तरीणबाई."

आमच्याकडे चातुर्मासात प्रत्येकाने एक आवडता पदार्थ सोडण्याची रीत होती. त्या वर्षी अक्काने गहू सोडला.

आई कडाडली, "अंगात रक्त नाही आणि गहू सोडतेय! वांगं सोड."

"वांगं सगळेच सोडतात. त्याचं पुण्य स्वल्पच!"

ती भात आणि रागीची भाकरी खाऊ लागली. औषध तेच, मात्राही तीच. तरी श्रावण सरता सरता तिचे पोट फुगायचे थांबले आणि कार्तिकी एकादशीपर्यंत ओठांवर लाली आली. आईने श्रेय देवाला दिले आणि नेम संपल्यावर रीतीप्रमाणे सोडलेला पदार्थ प्रथम दान करून मग अक्काला वाढला. आनंदाने रोज पोळ्या होऊ लागल्या. संक्रांतीपर्यंत पोट पुन्हा बिघडले, जिना चढताना धाप लागू लागली. तपासणी उन्हाळ्यात होती.

प्रयोगात एकच गोष्ट बदलावी आणि बाकीच्या स्थिर ठेवाव्यात, हे मी वर्गात नेहमी सांगत असे. इथे औषध स्थिर होते, बदलला होता तो गहू. मी अक्काला बसवनगुडीतल्या एका तरुण डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सर्व क्रमाने ऐकून घेतले. काहींच्या आतड्याला गव्हातला चिकट अंश सोसत नाही, ते म्हणाले; आतड्याचे अस्तर झिजते आणि गिळलेले लोह रक्तात न जाता तसेच बाहेर पडते. हा आजार परदेशी पुस्तकांत त्यांनी वाचला होता, भातखाऊ मुलुखात तो कोणाच्या ध्यानात येत नसे. खात्रीच्या तपासणीची सोय त्यांच्याकडे नव्हती. गहू पूर्ण बंद करून औषध चालू ठेवावे, एवढीच परीक्षा त्यांनी सांगितली.

आईला ते पटेना. "गव्हाने कुणाला बाधा होते का? गहू म्हणजे शक्ती!"

"मग चातुर्मासात ती कशाने बरी झाली?"

"नेमाने."

"तर नेमच पुढे चालू दे."

डॉक्टरांचा शब्द आईने मोडला असता, पण मुलीला नेम मोड म्हणणे तिच्याने झाले नसते. "सरी, चालू दे," ती म्हणाली, "पण संकल्प नीट सोडायचा. हातात पाणी घेऊन."

अक्काने घेतले. तेव्हापासून आईच सर्वांत कडक झाली. पोळ्यांचे पोळपाट-लाटणे आणि तवा तिने वेगळा ठेवला. अक्काच्या भाकरीला त्यांचा स्पर्शही होऊ देईना. सोवळे तिला शिकवावे लागले नाही.

उन्हाळ्यात अक्का तपासणीला गेली. तिथल्या डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, रक्त तपासले आणि दाखल्यावर सही केली. दुसऱ्या दिवशी युगादी, म्हणजे पाडवा, होता; पुरण शिजवून ठेवले होते, पण अक्काची वाट पाहण्यात आईने सणाची तयारी अर्धीच सोडली होती. बातमी ऐकताच ती उठली आणि तांदळाची उकड मळायला बसली. त्या वर्षीपासून आमच्या घरी पुरणपोळीऐवजी सर्वांच्याच पानात तांदळाच्या पारीत पुरण भरलेले कडबू पडू लागले.