पोळ्याच्या दिवशीची पाहणी

नोकरीत शेकड्यांनी पंचनामे लिहिले. त्यातला एक आठवला, की आजही स्वतःचाच राग येतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी अमळनेर तालुक्यात फौजदार होतो. एका गावच्या गायरानावर सरकारने वनीकरणासाठी घातलेलं तारेचं कुंपण कोणीतरी तोडलं. ठाणे अंमलदाराचा सकाळचा चहाही झाला नव्हता, तोच गायरानाशेजारी शेत असलेल्या एका जिनिंगवाल्या शेठचे दिवाणजी खबर घेऊन हजर. तार कोणी तोडली, पक्कड कडब्याच्या कुठल्या गंजीत लपवली, सगळं त्यांना पाठ. इतकी तयार खबर आली, की मला आधी खबर देणाऱ्याचाच संशय येतो. पण आमची जीप नादुरुस्त होती आणि शेठची दारात उभी होती. तिच्यातून गेलो. ड्रायव्हरने तुटक्या तारेपाशी नेलं, पंचनामा झाला, परत आणून सोडलं.

पक्कड गंजीतच सापडली. आरोपी सत्तरीचे गुराखी, गाव त्यांना नाना म्हणे. सरकारी मालमत्तेचं नुकसान, म्हणजे तुरुंग. त्यांच्यामागे चार गाई आणि त्यांना पाहणारं कोणी नाही. मी दरडावण्याआधीच त्यांनी कबुली दिली. मग म्हणाले, "तार मीच तोडी. पन तुमना कागदमां लिखेल शे, आठे ढोरे येतस नही. मंग मी आठे रोज काय करस?"

तो कागद मागवला. कुंपणाआधीच्या पर्यावरण पाहणीचा अहवाल होता आणि इथे गुरं येत नाहीत, असं त्यात खरंच लिहिलं होतं. सरकारकडे तरतूद नव्हती, म्हणून पाहणीचा खर्च शेठनी उचलला होता. गायरान बंद झालं, की त्यांच्या शेतातून जाणारी गुरांची वाटही बंद होणार होती. अहवाल विकतचा आहे, अशी माझी खात्रीच झाली. पाहणी करणाऱ्या तरुणाला धुळ्याहून बोलावून दोन तास उलटसुलट विचारलं. तो रडकुंडीला आला, पण त्याचं म्हणणं बदललं नाही. ड्रायव्हरने नेलं तिथे फिरलो, जनावर दिसलं नाही, म्हणून तसं लिहिलं. गाडी शेठची होती, दिवसही शेठनीच ठरवला होता.

अहवालावरची तारीख हवालदाराने मागच्या वर्षीच्या कॅलेंडरात शोधली. त्या दिवशी पोळा होता.

"पोयाना दिन ढोरे कोन सोडस, साहेब?" नाना म्हणाले. "त्या दिन बठ्ठा ढोरे घर ऱ्हातस."

अहवालात एक शब्द खोटा नव्हता. शेठना लावायला माझ्याकडे कलम नव्हतं. नानांवर मात्र आरोपपत्र दाखल करावं लागलं.

कोर्टात नानांच्या वकिलाने मला विचारलं, पंचनाम्याला कोणाच्या गाडीतून गेलात? शेठ समोरच बसले होते. सरकारी जीप म्हटलं असतं, तर कोणी तपासलं नसतं. मान खाली घालून खरं ते सांगितलं. गायरानाच्या पलीकडची गुरांची वाट मीही पाहिली नव्हती, कारण ड्रायव्हरने तिकडे नेलंच नव्हतं. मग पोळ्याचंही सांगितलं. त्या तरुणावर मी दोन तास ओरडलो होतो आणि आम्ही दोघे एकाच जीपमधून गेलो होतो.

नानांना कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा झाली. पुढे प्रांतांनी फेरपाहणी लावली आणि गुरांची वाट मोकळी ठेवायला लावली. तेव्हापासून कुठलाही अहवाल हातात आला, की तो लिहिणाऱ्याला तिथे कोणी नेलं, हे मी आधी विचारतो.

निकालाच्या त्या संध्याकाळी कोर्टाबाहेर आलो, तर शेठच्या ड्रायव्हरने सवयीने माझ्यासाठी जीपचं दार उघडलं. नानांना गाई पिळायला उशीर होत होता. मी त्यांच्याबरोबर एसटी स्टँडकडे चालत निघालो.