बापाच्या वळणावर

जात कशाला म्हणायचं, हे बेकरीवाल्याला चुकूनही विचारू नये. गिऱ्हाईक नुसतं पाव घ्यायला आलेलं असायचं, घरी त्याचा चहा निवत असायचा आणि हा आपला काउंटरवर कोपरं टेकून सुरू. "देखणं कुत्रं काय, कुणाच्याही दारात निपजतं हो. ती नशिबाची गोष्ट. पण पिल्लू आईबापाच्या वळणावर गेलं, त्याचं पिल्लू त्याच्या वळणावर गेलं, परक्या घरी वाढलं, कुणी काही शिकवलं नाही, तरी तस्संच निघालं, की मग म्हणायचं जात! नाहीतर नुसता योगायोग." ऐकून ऐकून गल्लीचे कान किटले होते. पण पाव चांगला असायचा, म्हणून लोक ऐकून घ्यायचे.

ही सगळी बडबड त्याच्या कुत्र्यांपायी. बेकरी म्हटली की मैदा आला आणि मैदा म्हटला की उंदीर आले. तरुणपणी उंदरांनी त्याच्या नाकी नऊ आणले, तेव्हा त्याने दारात घुटमळणारी एक बुटकी कुत्री आत घेतली. उंदरांचा काळच होती ती. पीठगिरणीवाल्याकडे एक छोटा टेरियर जातीचा कुत्रा होता, त्याच्याशी तिची जोडी जमवली. पिल्लं अशी झाली, की एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. याला वाटलं, झाली जात! गल्ल्यावर बसून आठवडाभर मिशीतल्या मिशीत हसत होता. मग त्या पिल्लांना पिल्लं झाली आणि सगळं हसू मावळलं. एक लांब केसांचं, एक उंच तंगड्यांचं, एकाचे कान उभे, एकाचे लोंबते. सख्खी भावंडं, पण एका घरातली वाटेनात.

दुसरा असता तर त्याने हात टेकले असते. हा गडी हट्टी. हवी तशी पिल्लं ठेवायची, पुन्हा त्यातली निवडायची, पुन्हा त्यातली. असं करता करता केस पांढरे झाले त्याचे, आणि मग कुठे कुत्री एकासारखी एक होऊ लागली. गुडघ्याच्याही खाली राहणारी, अंगावर मैदा भुरभुरावा तसे राठ पांढुरके केस, कान पुढे दुमडलेले. आणि गंमत म्हणजे, उंदराच्या बिळासमोर उभी राहिली की पुढचा डावा पाय अधांतरी उचलून धरायची. कुणीही शिकवलेलं नाही! लांबच्या गावी दिलेली पिल्लंसुद्धा पाय उचलतात असं कुणी येऊन सांगितलं, की हा त्या माणसाच्या पिशवीत बिस्किटं कोंबायचा.

आणि जी तशी निघायची नाहीत, त्यांचं काय? आता नीट ऐका, उगाच त्याच्यावर राग धरू नका. त्याने एकही पिल्लू टाकलं नाही, मारलं तर मुळीच नाही. चार ठिकाणी चौकशी करून, चांगलं घर बघून द्यायचा. फक्त देण्याआधी पिल्लाला हातात उलटंपालटं करून बघायचा आणि म्हणायचा, "हे आपल्यातलं नाही." करपलेला पाव बाजूला काढताना माणूस बोलतो, तशाच आवाजात. मग ते पिल्लू वेताच्या टोपलीत. एवढंच.

त्याचा स्वतःचा डावा पाय अधू होता. कोठीतल्या पोत्यांची थप्पी एकदा अंगावर कोसळली होती, तेव्हापासून तो पाय ओढत चालायचा. मूलबाळ नव्हतं. बायकोने देवधर्म, डॉक्टर, औषधं, सगळं केलं आणि शेवटी नाद सोडला. मग बायकोच्या लांबच्या बहिणीची मुलगी पोरकी झाली आणि ती यांच्या घरी आली. चार वर्षांची पोर, हातात एक पिशवी, तोंडातून अक्षर नाही. पहिल्याच दिवशी मैद्याच्या कोठीत शिरली आणि पांढरीफटक होऊन बाहेर आली. बायको पोट धरधरून हसली. तेव्हापासून तिचं नाव पडलं पिठी.

पिठी आली, रुळली आणि एके दिवशी लंगडायला लागली.

"अहो, पोरगी पाय ओढतेय बघा," बायको घाबरून म्हणाली. त्याने तिला काउंटरवर बसवून पाय चाचपला. काटा नाही, सूज नाही. तेवढ्यात शेजारची शिंपीण पाव घ्यायला आली होती, ती हसायलाच लागली. "अगं बाई, लंगडतेय कुठली? चाल बघ की तिची! बापाच्या वळणावर गेलीय पोरगी!"

ते वाक्य ऐकून बेकरीवाल्याची छाती अशी फुगली, की विचारू नका. रक्ताचं नातं नाही, नाकडोळे कुणाचे कुणाशी जुळत नाहीत आणि चाल मात्र थेट आपली! "मी शिकवलं का? आपोआप आलं!" हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला. बायको म्हणत होती, डॉक्टरला दाखवा. हा म्हणाला, "लहान आहे, सोडेल आपोआप." खरं सांगायचं तर तिने ते सोडू नये असंच त्याला वाटत होतं. तिने सोडलंही नाही. पुढे ती भट्टीची धग बघायला हाताची पालथी बाजू धरू लागली ती त्याच्यासारखी, शिंकायची तीही त्याच्यासारखी, लागोपाठ दोनदा. बायको गेली तेव्हा पिठीनेच घर आणि बेकरी दोन्ही ओढून नेली. गल्लीतून दोघं निघाली, की मागून बघणाऱ्याला एकच माणूस मोठा आणि लहान दिसायचा.

आता बेकरीवाला थकला होता. जिना चढताना धाप लागायची. एकच इच्छा राहिली होती: कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या श्वानमंडळाने एकदा येऊन म्हणावं, की होय, ही जात आहे. त्याच्यामागे उंदीर मारणारी चार कुत्री उरू नयेत, एक जात उरावी. मंडळाकडे त्याने इतके हेलपाटे घातले, की शेवटी तिथल्या परीक्षक बाईंनीच निरोप धाडला. आजी, आई आणि पिल्लं, तीन पिढ्या शेजारी शेजारी दाखवा. सगळी एका वळणाची असतील तर नोंद करू.

आजी होती, आई होती, पिल्लंही आता दुडुदुडु पळू लागली होती. पण चारातलं एक निघालं लांब केसांचं, मऊ, लोंबत्या कानांचं. बेकरीवाल्याने ते उलटंपालटं करून बघितलं, नेहमीचं वाक्य बोलला आणि माळ्यावरून टोपली खाली काढली. ते घ्याल का, म्हणून ओळखीच्या एका ठेकेदाराच्या घरी शब्दही टाकून ठेवला.

त्याच आठवड्यात पिठीचा खुबा असा धरला, की तिला कणकेच्या टेबलाशी उभं राहवेना. दुखत तर वर्ष-दोन वर्षं होतंच, पण बोलणार कोण! त्याने तिला जबरदस्तीने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला, पाय हलवून बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पायात दोष काहीच नाही. कधी नव्हताच. वर्षानुवर्षं वाकडं चालून खुबा झिजलाय. लहानपणी पडली होतीस का?"

"नाही."

"मग असं चालायला शिकवलं कुणी?"

पिठी हसली. "शिकवलं कुणी नाही, डॉक्टर. मीच बघून बघून शिकले."

बेकरीवाला शेजारी बसला होता. बाहेर आल्यावर दवाखान्याच्या बाकावर तो तिच्याशेजारी बसला. "बघून बघून म्हणजे काय गं?"

"जाऊ दे ना बाबा. पोरकटपणा नुसता."

"सांग मला."

ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मी आले तेव्हा घरात पिल्लं होती. त्यात एक लांब केसांचं होतं, मला फार आवडायचं. तुम्ही ते टोपलीत घातलंत, म्हणालात, हे आपल्यातलं नाही. आणि मला म्हणालात, चल, टोपली धर. आपण दोघं जाऊन ते देऊन आलो. दार लागलं तरी आतून रडत होतं." तिने तो बंद बोटाला गुंडाळला. "मला वाटलं, मी तरी कुठे आपल्यातली आहे? आरशात बघायचे. नाक आईचं नाही, डोळे तुमचे नाहीत. ते काही बदलता येईना. चाल तेवढी जमण्यासारखी होती. कोठीत जाऊन चालून चालून बघायचे. शिंपीण मावशी म्हणाली ना, बापाच्या वळणावर गेली? तेव्हा म्हटलं, सुटले बाई एकदाची!"

हे सगळं ती हसत हसतच सांगत होती. तो हसला नाही. ज्या चालीचं त्याने जन्मभर कौतुक केलं, ती चाल म्हणजे त्या एवढ्याशा जिवाला भरलेली धडकी होती आणि ते त्याला कळलंच नव्हतं.

मग तो म्हणाला, "आता सरळ चालून बघ बरं."

पिठी उठली. दोन पावलं नीट टाकायला गेली, तोल गेला आणि भिंतीला धरून उभी राहिली. "नाही जमत हो बाबा," ती म्हणाली. "विसरले मी."

परीक्षक बाई आल्या तेव्हा सकाळची भट्टी नुकतीच शांत झाली होती. बाई हुशार आणि बोलायला गोड. त्यांनी आजीचे दात बघितले, आईची पाठ मापली, पिल्लांचे कान हळूच उलटे करून बघितले. कोठीतल्या बिळासमोर कुत्र्यांना सोडलं. आजीने डावा पाय उचलला, आईने उचलला, त्या इवल्याशा तीन पिल्लांनीही उचलला. बाईंचा चेहरा फुलला. "कमाल आहे काका! मला वाटलं नव्हतं."

चौथं पिल्लू स्वतःच्याच शेपटीमागे गोल गोल फिरत होतं. बेकरीवाल्याने ते ठेकेदाराकडे पाठवलं नव्हतं. टोपली पुन्हा माळ्यावर गेली होती.

बाईंनी त्याला उचललं. "आणि हे कुणाचं? हे काही यातलं दिसत नाही."

दारात पिठी चहाचे कप घेऊन उभी होती. तिने बेकरीवाल्याकडे बघितलं, सगळं समजली आणि चटकन म्हणाली, "ते होय? ते शेजारच्यांचं आहे. सारखं इकडे येतं. आणा इकडे, मी देऊन येते."

त्याने नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. सगळ्या जन्माचं काम. पिठीने कप ठेवून हात पुढे केलाही होता.

"नाही बाई," बेकरीवाला म्हणाला. "शेजाऱ्यांचं नाही. याच आईचं आहे ते. आपल्यातलंच आहे."

बाईंनी पिल्लू अलगद खाली ठेवलं. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "खरं सांगितलंत, बरं केलंत. पण मग काका, जात अजून झाली नाही. आजोबा-पणजोबांचं काहीतरी आत दडलेलं आहे, ते मध्येच वर येतंय. अजून थोड्या पिढ्या जाऊ द्या. मी परत येईन."

"या ना," तो म्हणाला. एवढा वेळ आपल्याकडे नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि त्याची धाप ऐकून बाईंनाही ठाऊक झालं असावं. त्यांनी चहा संपवला, आजीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेल्या.

मग मात्र पिठीचा संयम सुटला. "काय केलंत हे बाबा? जन्म घातलात यात! मी बोलले होते ना, गप्प बसायचंत की नुसतं!" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्याच्यासाठी रडत होती ती.

तो पोत्यावर बसला होता. लांब केसांचं पिल्लू त्याच्या चपलेचा पट्टा चावत होतं.

"पिठे," तो म्हणाला, "मी तुला कधी कुणाला देऊन टाकलं असतं का गं?"

पिठीने पदराने तोंड पुसलं. रागही गेला तिचा.

"आता माहीत आहे हो, बाबा," ती म्हणाली. "पण तेव्हा मला कुणी सांगितलंच नव्हतं ना."

एवढं बोलून ती पिल्लासाठी दूध आणायला आत गेली. डावा पाय ओढत, थेट त्याच्यासारखी.