नास्तिकाच्या हातचं घड्याळ

आमच्या नॉटिंगहॅममधल्या चर्चच्या मनोऱ्यावर जुनं घड्याळ आहे. त्याला दर शनिवारी चावी देतात उदयराव सबनीस. मूळचे पुण्याचे, इथल्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेले भूलतज्ज्ञ आणि पक्के नास्तिक. घरच्या गणपतीत ते आरतीला झांजा वाजवतात, पण हात जोडत नाहीत. चर्चमध्येही तसंच. जिना चढायचा, हँडल फिरवून वजनं वर घ्यायची, तेलाचा थेंब सोडायचा आणि प्रार्थनेच्या आत घरी.

यंदा चर्चच्या कमिटीने विजेची मोटर बसवायचं काढलं. या वयात त्यांनी तो जिना चढू नये, हे कारण. उदयरावांचं तोंड उतरलं.

"अहो, घरातलं घड्याळ दिवाळीपासून बंद आहे," त्यांची बायको श्यामला म्हणाली. "त्याला द्या की चावी."

"त्याला सेल लागतो."

कमिटीच्या मीटिंगआधी चर्चचा इतिहास दिन होता. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडचे पाद्री नास्तिकांना गप्प करायला संवाद लिहीत. नास्तिक बढाई मारतो, पाद्री घड्याळ दाखवून त्याचा कर्ता कोण ते विचारतो, नास्तिक निरुत्तर. तसा एक संवाद व्हिकर, म्हणजे आमच्या चर्चच्या पाद्री, हिलरीबाईंनी वाचायला घेतला. पाद्री त्या स्वतः, नास्तिक अर्थातच उदयराव.

ते माझ्याकडे आले. "मालविकाताई, तुम्ही नन्सच्या शाळेतल्या. मला हरायचं नाहीये. हिलरीला कुठे पकडू?"

"कागदावर तुम्ही हरताच," मी म्हटलं. "पण तेव्हा देव मानणाऱ्यांचंही आपसात जमत नव्हतं. एक म्हणे, देवाने जगाचं घड्याळ असं केलंय की पुन्हा हात लावायला नको. दुसरा म्हणे, मग देवाला रिकामाच बसवलात. अधूनमधून चावी तोच देतो."

"वा, भांडू देत," म्हणत ते खुशीत गेले.

इतिहास दिनी चर्चच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत कमिटी बसली होती. खजिनदारांच्या मांडीवर मोटरचा कॅटलॉग होता.

"हे घड्याळ कुणी केलं?" हिलरीबाईंनी वाचलं.

"कुणी का करेना," उदयरावांनी वाचायला सुरुवात केली. "आता ते आपलं आपण चालतं. त्याला कुणाची..." त्यांची नजर कॅटलॉगवर गेली आणि ते थांबले. कागद खाली ठेवला.

"हे मी नाही म्हणणार. कुठलंच घड्याळ आपलं आपण चालत नाही. आपलंच बघा, उन्हाळ्यात मागे पडतं, थंडीत पुढे पळतं. कुणीतरी वर जाऊन त्याच्याकडे लक्ष द्यावंच लागतं."

हिलरीबाईंनीही कागद मिटला. "म्हणजे सांभाळणारा हवाच?"

"हवाच."

"मग उदय, तू हरलास."

"हरलो. पण मोटर नको."

हॉल हसत सुटला. खजिनदारांनी कॅटलॉग खुर्चीखाली सरकवला.

"म्हणजे देव आहे तर?" बाहेर पडताना श्यामलाने विचारलं.

"मी मनोऱ्यापुरतं बोललो," उदयराव म्हणाले.

पुढच्या मीटिंगमध्ये मोटर बारगळली. जिन्याला भक्कम कठडा तेवढा बसला. त्याला धरून उदयराव परवाच्या शनिवारी शीळ घालत वर गेले. घरच्या घड्याळाचा सेल मात्र अजून आणायचाय.