विषय : आनंद तास वाचवण्याबाबत

हे कोणालाही सांगणार नाही असा शब्द मी जाधवबाईंना दिलाय. तेव्हा ऐका, पण पुढे जाऊ देऊ नका. माझी अशी काही फजिती झाली आहे, की ती एकटीने पोटात ठेवून आता पोट दुखायला लागलंय. आणि आमच्या शाळेत पोट दुखतं म्हणायची तर मला सोयच राहिलेली नाही. का ते कळेलच. शेवटच्या तासाला अजून थोडा वेळ आहे, शाळेच्या मावशी बोलवायला येईपर्यंत सांगते.

मी नववी ब मध्ये आहे, बोरिवलीला. वर्गात माझा आवाज ऐकलेली माणसं फार नाहीत. हजेरीला मी "हजर" म्हणते, पण बाईंना ते माझ्या ओठांकडे बघून समजून घ्यावं लागतं.

या वर्षी आमच्या संस्थेने विद्यार्थ्यांचं आरोग्य मनावर घेतलं. शरीराचं आणि मनाचं, दोन्ही एकदम. पहिल्यांदा पाण्याची घंटा सुरू झाली. ती वाजली की सगळ्यांनी बाटली काढून पाणी प्यायचं. मुली एक घोट घेऊन झाकण लावतात, कारण मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी जूनपासून तुटलेली आहे. कडीसाठी कोणी घंटा वाजवलेली नाही. मग जिन्यात हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं लागली. मुख्याध्यापकांनी परिपाठाला जाहीर केलं की यापुढे कोणीही ताण घ्यायचा नाही, आणि घेतलेला आढळल्यास पालकांना बोलावण्यात येईल.

पण एक गोष्ट खरंच झकास झाली. गुरुवारचा शेवटचा तास 'आनंद तास' झाला. अभ्यास नाही, वही नाही. खेळा, चित्रं काढा, नाहीतर नुसते बसा. मी आणि माझी मैत्रीण ऋतुजा मैदानातल्या बदामाखाली बसायचो. ती बोलायची, मी ऐकायचे. आठवड्यातून तेवढा एकच तास मला कोणी "जरा मोठ्याने बोल" म्हणायचं नाही. त्या तासासाठी मी उरलेला आठवडा काढायचे, असं म्हटलं तरी चालेल.

आनंद तासाबरोबर एक पेटीही आली होती. तिचं नाव 'मनमोकळी पेटी'. मुलांनी आपली चिंता निनावी लिहून तिच्यात टाकायची. कल्पना छान होती. पेटी लावली मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी आणि तिच्या बरोबर डोक्यावर होता शाळेचा कॅमेरा. दीड महिन्यात तिच्यात एक चॉकलेटचा कागद पडला.

एका सोमवारी जाधवबाईंनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. बाई आमच्या वर्गशिक्षिका, मराठी शिकवतात. त्यांचा चेहरा उतरला होता. गुरुवारी संस्थेची माणसं येऊन पेटी उघडणार होती, नव्या समुपदेशक मॅडमना घेऊन. पेटी रिकामी निघाली तर योजना फसली असं ठरणार, आणि आनंद तास कदमसरांच्या गणिताला जाणार. सरांनी म्हणे त्या तासाचे धडेही नेमून ठेवले होते.

"प्राची," बाई म्हणाल्या, "तुझं लिखाण चांगलं आहे आणि तू कोणाशी बोलत नाहीस. मला आत्ता दोन्ही हवंय."

चाळीस चिठ्ठ्या हव्या होत्या. मी कसंबसं विचारलं, खोटं लिहायचं का? तर बाई म्हणाल्या की खोटं कशाला, तुझे डोळे असतात ना सगळीकडे, जे दिसतं ते लिही.

दिसतं तर मला बरंच काही. न बोलणाऱ्या माणसाला दुसरं काम काय असतं? कोण डबा उघडतो आणि न खाता बंद करतो, कोण केसांतून हात फिरवून हळूच बोटं बघतो, खाडीपलीकडच्या गोराईहून येणारा मुलगा बोट चुकली की वर्गाबाहेर कसा उभा राहतो, कोणाचे बाबा दुबईहून दोन वर्षं आलेले नाहीत, हे सगळं मला पाठ आहे. तीन दिवस मी लिहीत बसले. आईला वाटलं, पोरगी अभ्यासाला लागली, तिने रोज दूध आणून दिलं.

आणि काळजी तरी किती घेतली म्हणता? पाच रंगांची पेनं वापरली. कागद वेगवेगळ्या वह्यांचे. काही चिठ्ठ्या डाव्या हाताने लिहिल्या, काही तिरक्या, दोन तर बसमध्ये उभं राहून. मुलग्यांच्या चिठ्ठ्यांना मुद्दाम डब्यातलं थोडं तेल लावलं. शेवटी एक चिठ्ठी माझी स्वतःची टाकली, त्या कडीबद्दल. म्हटलं, एवढं करतोच आहोत तर कडीही होऊन जाईल.

गुरुवारी सकाळी पेटी पुसायच्या निमित्ताने बाईंनी सगळ्या चिठ्ठ्या आत सरकवल्या. दुपारी पेटी उघडली आणि चिठ्ठ्या भसाभस बाहेर पडल्या. संस्थेची माणसं इतकी खूश झाली की विचारू नका. मुलं एवढी दुःखी आहेत हे बघून त्यांना फार समाधान वाटलं. आनंद तास तिथल्या तिथे कायम झाला. ऋतुजाने मला मिठी मारली, आणि तिला तर काही माहीतही नव्हतं.

समुपदेशक मॅडम चिठ्ठ्या घरी घेऊन गेल्या. स्वभावाने फार चांगल्या आहेत हो त्या, तीच तर अडचण आहे. पुढच्या आठवड्यात त्या वर्गात आल्या आणि प्रत्येकाला एक कोरा कागद दिला. आज कसं वाटतंय ते एका ओळीत लिहा, खाली नाव लिहा. सगळ्या वर्गाने लिहिलं, 'बरं.' मॅडम कागद चाळत होत्या. एका कागदावर थांबल्या. मग मान वर करून त्यांनी माझं नाव घेतलं.

मी तो कागद बघितला. वर उजवीकडे तारीख. त्याखाली 'प्रति'. मग 'विषय : आज कसे वाटते याबाबत'. मग 'महोदया'. आणि शेवटी 'आपली विश्वासू'.

माझा तरी काय दोष? जाधवबाईंनी पाचवीपासून पत्रलेखन असं घोटून घेतलंय की कोरा कागद समोर आला की हात आपोआप कोपऱ्यात तारीख घालतो. विषय राहिला तर अर्धा गुण जातो. शाई बदलली, हात बदलला, तेल लावलं, पण चाळीसच्या चाळीस चिठ्ठ्यांत विषय होता. 'विषय : केस गळण्याबाबत.' 'विषय : बोट चुकल्यामुळे होणाऱ्या अपमानाबाबत.' 'विषय : वडील दुबईस असल्याबाबत.' दुःखी मुलांपैकी एकानेही अर्धा गुण सोडला नव्हता.

मॅडमनी मला प्रयोगशाळेशेजारच्या छोट्या खोलीत बसवलं. जाधवबाई दारात उभ्या होत्या, हातातला पदर पिळत.

"प्राची, ही सगळी पत्रं तुझीच ना?"

मी बाईंकडे बघितलं. बाईंनी डोळे मिटले. मी खरं बोलले असते तर बाई गेल्या असत्या, तासही गेला असता.

"हो मॅडम."

"म्हणजे हे सगळं तू एकटी सोसते आहेस?"

आता सांगा, काय उत्तर देणार?

"हो मॅडम."

झालं. त्यांचे डोळे भरून आले. दुसऱ्याच दिवशी आईला शाळेत बोलावणं. मॅडमनी आईचा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं की प्राचीचे बाबा सध्या गोराईला असतात, दुबईला, की घरीच? पत्रांवरून नक्की कळत नव्हतं. आईने सांगितलं की ते अंधेरीला औषधांच्या कंपनीत आहेत आणि रोज सातला घरी येतात. मॅडम म्हणाल्या, "तुम्हीही मोकळेपणाने बोलू शकता हं."

त्या रात्री जेवताना आई बराच वेळ बाबांकडे बघत होती. मग म्हणाली, "तुम्ही दुबईला कधी गेला होतात हो?" ज्या माणसाला गोराईच्या बोटीतही मळमळतं, त्याने घास हातात धरून माझ्याकडे बघितलं. मी आमटीत बघितलं.

संस्थेने निष्कर्ष काढला की नववी ब मधली बाकीची सगळी मुलं ठणठणीत आहेत, चिंता फक्त एकीलाच आहेत. तिला दर आठवड्याला समुपदेशन द्यायचं. आणि कधी? गुरुवारी, शेवटच्या तासाला. इतर तास बुडवले तर अभ्यास बुडेल ना. त्यामुळे वर्ग मैदानात लगोरी खेळतो आणि मी खोलीत बसून एकेक चिंता निस्तरते. एका गुरुवारी एक पत्र.

कडीचं पत्र आलं तेव्हा मी जीव गोळा करून बोलले. म्हटलं, "मॅडम, ती कडी खरंच तुटली आहे." मॅडमनी खूप वेळ मान हलवली. मग मला एका दाराचं चित्र काढायला सांगितलं आणि विचारलं, या दारातून आत कोण येईल असं तुला वाटतं? मी म्हटलं, सहावीच्या मुली. त्यांनी ते लिहून घेतलं.

गेल्या आठवड्यात प्रथमेशचं पत्र निघालं. तो गणिताच्या तासाला सारखा वरचा ओठ चाचपतो, म्हणून मी त्याच्या वतीने लिहिलं होतं, 'विषय : मिशी न येण्याबाबत.' मॅडमनी ते दोनदा वाचलं. माझ्याकडे बघितलं. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग फार मायेने म्हणाल्या की घाई करू नकोस, प्रत्येकाची वेळ येते. रोज सकाळी आरशाजवळ जाऊन, ओठाकडे नीट बघायचं आणि म्हणायचं, मी आहे तशी छान आहे.

मी काय म्हणाले ते तुम्हाला माहीत आहे.

आता सांगितलंय तर करायलाच हवं. सात दिवस रोज आरशाला नाक टेकवून बघतेय. आणि हसणार नसाल तर सांगते, आजवर माझं कधी लक्षच गेलं नव्हतं, पण काल खिडकीतून ऊन आलं आणि मला स्वच्छ दिसलं की माझ्या वरच्या ओठावर चांगली—

"प्राची, चल गं, मॅडम थांबल्यात."

आले मावशी. तर आता मला एक्केचाळिसावं पत्र लिहावं लागणार, आणि हे अगदी माझं स्वतःचं, विषय : मिशी ये—