शेवंतावैनीवरचा आळ

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात मी सांगलीच्या एसटी स्टँडवर पत्र्याच्या ट्रंकेवर बसले होते आणि आमची अख्खी गल्ली मला वाटेला लावायला आली होती. तुम्हीच सगळे. कुणी नारळ दिला, कुणी भडंगाची पुडी कोंबली, आणि "आमची शाली इलायतेला निघाली" असं एकजण कंडक्टरलासुद्धा सांगून आला. कंडक्टर म्हणाला, इलायतेला जावा न्हाईतर चंद्रावर, ट्रंकेचं लगेज भरा. तिकडच्या इस्पितळात मला नर्सची नोकरी लागली होती. आईनं हातावर दहीसाखर ठेवली आणि रडायला लागली. "गप की गं, मरायला नाही चालले," मी म्हणाले. माझं तोंड हे असं पहिल्यापासून.

वैनी आली नव्हती. माझ्या थोरल्या भावाची बायको, शेवंता. दादाला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि अशा बाईनं चांगल्या कामाला म्होरं यायचं नसतं हे तुम्हीच ठरवलेलं. शिवाय ती नुसती विधवा नव्हती, नवऱ्याला खाल्लेली बाई होती. "हिच्या घाईनं माझा ल्योक गेला," हे आईचं वाक्य गल्लीला तोंडपाठ होतं. गाडी हलली तेव्हाही आई खिडकीशी येऊन म्हणाली, "त्यो असता तर म्हमईपातूर सोडाया आला असता. हिनं न्हाई ठिवला." मी मान डोलावली.

गल्लीतल्या नव्या सुनांना आणि पोरांना ही गोष्ट तुम्ही आपल्या पद्धतीनं सांगतच असाल. आता माझ्याकडून ऐका.

दादा हळदीच्या पेवांवर राबायचा. पेव म्हणजे नदीकाठच्या घट्ट जमिनीत खणलेलं कोठार, दोन-तीन पुरुष खोल, आणि वरचं तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं. हळद भरून तोंड लिंपलं की वर्षानुवर्षं किडा लागत नाही. लागणार कसा, आत जगण्याजोगी हवाच राहत नाही. म्हणून पेव उघडलं की बराच वेळ थांबायचं, मग पेटता कंदील दोरीनं पार तळाला टेकवायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. हे दादाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

दादा गेला त्या दिवशी वैनीचा फौजेतला भाऊ सुट्टी संपवून परत जाणार होता आणि तिला त्याला भेटायला जायचं होतं. वैनीचं माहेर साताऱ्याकडं, कोरेगावच्या पलीकडं. सकाळी ती दादाला म्हणाली, "आवं, जरा लवकर या, दुपारची सातारा गाडी चुकंल." एवढंच म्हणाली. दादानं कंदील अर्ध्यापर्यंत सोडला, जळतोय असं बघितलं आणि उतरला, तो तळाशी कोसळलाच. बरोबरच्यांनी त्याला कमरेच्या दोरानं वर ओढला आणि व्यापाऱ्याच्या जीपमधून इस्पितळात आणला. ते इस्पितळ माझं आणि ड्यूटीही माझी.

इथवरचं तुम्हाला ठाऊक आहे.

मी नाडी धरली. लागली. का मला लागल्यासारखी वाटली? फाटकापासून पळत आले होते, माझीच नाडी माझ्या बोटांत उडत असेल. दादा श्वास घेत नव्हता. ड्यूटीवरचे डॉक्टर माझ्याच वयाचे, नुकते पास झालेले. त्यांनी घशातून नळी घातली. ही नळी श्वासनलिकेत जावी लागते, पण घशात तिच्या मागंच अन्ननलिकेचं तोंड असतं, आणि घाईगडबडीत चांगल्या चांगल्यांची चूक होते. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, म्हणाले, "हवा जातेय. सिस्टर, दाबत राहा." मी नळीला जोडलेला रबरी फुगा दाबायला लागले.

दर दाबाला दादाचं पोट वर येत होतं, छाती हलत नव्हती. मला तसं दिसलं. "डॉक्टर, पोट फुगतंय," एवढंच तर म्हणायचं होतं. जिनं कधी मास्तरला सोडलं नाही, व्यापाऱ्याला सोडलं नाही, जिच्या तोंडाला लागायला अख्खी गल्ली भ्यायची, ती मी तिथं मुकी झाले. नर्सनं डॉक्टरला शिकवायचं नसतं हे ट्रेनिंगमध्ये आमच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलेलं. आणि खरं सांगू? त्यांनी हवा जातेय म्हटलं ना, मला ते खरंच हवं होतं. दादाचे ओठ निळे पडले, मग काळे. तरी मी दाबतच होते. शेवटी डॉक्टरांनी माझे हात धरून बाजूला केले.

बाहेर आई म्हणाली, पेवानं खाल्लं. संध्याकाळपर्यंत पेवाचं नाव मागं पडून शेवंताचं पुढं आलं. मी तिथंच उभी होते. पोट फुगलेलं मी कुणालाच सांगितलं नाही. माझं मलाच वाटायचं, भास असेल.

इंग्लंडात उत्तरेकडच्या एका धुरकट गावी मला नर्सेस होममध्ये खोली मिळाली. पहिल्या हिवाळ्यात मी कोट घालून झोपायचे. खोलीतल्या हीटरला नाणं घातलं की तो तापायचा, नाणं संपलं की आपण गारठायचं. वॉर्डन बाईनं सिंक पिवळं झालं म्हणून माझी हळद जप्त केली, तेव्हा मी तिला मराठीत असं काही सुनावलं की तिनं अर्थ न कळताच डबा परत दिला. हळूहळू शिफ्ट, बसपास, पे-स्लिप, सगळं अंगवळणी पडलं. आईची पत्रं यायची, शेजारच्या मुलाकडून लिहून घेतलेली. पाऊसपाणी, कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, आणि शेवटी एक ओळ शेवंताबद्दल ठरलेली. मी पैसे पाठवायचे, वैनीला लुगडी पाठवायचे. गल्लीतून जे परदेशी गेले त्यांना हे कळेल. आपण पार्सल करण्यात लय पटाईत होतो.

तिसऱ्या वर्षी मला इमर्जन्सीच्या रुग्णांच्या वॉर्डात टाकलं. तिथं भुलीचे एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी एके दिवशी ट्रॉलीवरून एक पेटी आणली आणि आम्हा नर्सना भोवती गोळा केलं. रुग्णाच्या श्वासाच्या नळीला त्यांनी पेटीची एक बारीक नळी जोडली. माणूस श्वास बाहेर सोडतो त्यात कार्बन डायऑक्साइड किती, ते ही पेटी मोजायची आणि सुईनं कागदावर काढायची. श्वास सुटला की रेघ चढायची, वर थोडी सपाट चालायची आणि कड्यावरून पडल्यासारखी एकदम खाली. परत चढायची. साताऱ्याकडचे डोंगर असतात ना, वर सपाट, तसे एकामागून एक डोंगर कागदावर उमटत होते. मला हसू आलं. वैनीचं माहेर आलं, असं मनात म्हणाले.

डॉक्टर सांगत होते, शरीर हा वायू तयार करतं, रक्त तो फुफ्फुसात आणतं, श्वास बाहेर टाकतो. ही रेघ चढतेय म्हणजे तिन्ही कामं चालू आहेत. पेवाच्या तळाशी साचून दादाला मारणारा हाच तो वायू, आणि इथं तोच दिसला की सगळे सुटकेचा श्वास टाकत होते. मग डॉक्टर म्हणाले, याचा सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे नळी चुकून अन्ननलिकेत गेली तर लगेच कळतं. पोटातून हा वायू येत नाही. स्टेथोस्कोप फसवतो, डोळे फसवतात, ही रेघ फसवत नाही. नळी चुकली की अशी, म्हणत त्यांनी हवेत बोटानं आडवी रेघ ओढली.

मी विचारलं, "अशा वेळी पोट वर येतं का?"

"येतं," ते म्हणाले. "तुम्ही बघितलंय?"

मी नाही म्हणाले. बघा, तिथंही खोटंच बोलले.

नंतर एकटी गाठून त्यांना आणखी एक विचारलं. हृदयच बंद पडलं असेल तर? ते म्हणाले, मग रक्तच फुफ्फुसात येणार नाही, नळी बरोबर असली तरी रेघ जवळजवळ आडवीच. म्हणजे दादाच्या वेळी ही पेटी असती आणि आडवी रेघ दिसली असती, तरी नळी चुकली का दादा आधीच गेला होता, एवढ्यावरून मला कळलंच नसतं. पण आडवी रेघ बघून कुणीतरी नळी काढून परत घातली असती. एकदा तरी.

त्या दिवसापासून माझ्यापाशी एक गोष्ट होती जी वैनीला मोकळी करू शकत होती. दादा वर आला तेव्हा कदाचित जिवंत होता. त्याला वैनीच्या घाईनं मारलं नसेल, माझ्या गप्प बसण्यानं मारलं असेल. मी किती पत्रं लिहायला घेतली आणि फाडली, हिशेब नाही. आईला हे कळलं तर ती माझ्याकडं कशी बघेल, याचीच भीती. तीन वर्षं गेली. त्यातल्या दुसऱ्या वर्षी आई गेली, तार मला चार दिवस उशिरा मिळाली.

एकोणऐंशीत मी घरी आले. तुम्ही काय मिरवलंत मला! दुपारी सगळे पांगल्यावर वैनी परसात सुपात हळकुंडं निवडत बसली होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं, कंदिलापासून रेघेपर्यंत. तिचे हात थांबले.

"म्हंजी वर काढलं तवा जित्तं हुतं?"

"नाडी लागल्यासारखं वाटलं, वैनी. नक्की सांगता येत नाही."

"मग त्या मशिनीला इचारायचं की."

"झाल्यागेल्याचं ती सांगत नाही."

तिनं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "वन्सं, तुमाला कवा कळलं ह्ये?"

"तीन वर्षं झाली."

"आत्याबाई हुत्या की तवा." आमच्या आईला ती आत्याबाई म्हणायची. "जाताना त्यास्नी तहान लागली. मी तांब्या म्होरं केला तर त्वांड फिरवलं. माझ्या हातचं पाणी घेतलं न्हाई, वन्सं. तशाच गेल्या. तुमी नुसतं एक कागुद धाडला असता तर?"

मी म्हणाले, "आत्ता गल्लीला बोलावते. सगळ्यांसमोर सांगते."

मी उठलेसुद्धा. तिनं माझा पदर धरून खाली ओढलं. लय रागावली होती, डोळे लाल झाले होते, तरी आवाज चढवला नाही.

"गप बसा. उद्यापास्नं भनीनं भाऊ मारला म्हंतील. मी कुटं जाणार हाय? हितंच ऱ्हाणार, मला सवय झाली. तुमास्नी परत याया घर पायजे का नगो? माझ्या नावावर हाय ते ऱ्हाऊ द्या."

आणि मी "बरं" म्हणाले.

त्यानंतर मी आले की तुम्ही माझं कौतुक करता, वैनीला मात्र हळदीकुंकवाला बोलावत नाही. ती चहा ठेवते, मी तुमच्यात बसून हसते. माझं घर म्हणजे हे. तिनं शिव्या खायच्या आणि मी ताठ मानेनं आत जायचं. परदेशात राहून घराची आठवण येते म्हणतात, मला तर घरात बसूनही ते परकं वाटतं. म्हणून वैनीचा शब्द मोडून हे तुम्हाला लिहिलं. ती चिडेल, चिडू दे. मी पुढच्या महिन्यात येतेय. आधी तुमच्या दारात येईन, जे बोलायचं ते मला बोला, आणि मग वैनीकडं जाऊन तिच्या हातचं पाणी मागा.